क्रमांक चिपचा, कुलूप कोणाचे?

नागपूरकर ज्या भागाला नुसते 'बर्डी' म्हणतात त्या सीताबर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत छोट्या टेबलावर दिवा, भिंग आणि सोल्डरिंगची गन घेऊन बसलेला एक कारागीर वर्ग आहे. मोबाईल फोन आणि संगणक दुरुस्त करून तो पोट भरतो. तो गिरणीचा कामगार नाही, कारखान्याचा नोकर नाही आणि व्यापारी म्हणावा तर भांडवलही त्याच्यापाशी नाही. त्यामुळे आमच्या चळवळीच्या दप्तरातही त्याची नोंद क्वचितच सापडते. ह्या वर्गाच्या धंद्यावर जे संकट चालून येत आहे ते चिपच्या पोटात कोरलेल्या एका क्रमांकाच्या रूपाने येत आहे. हा क्रमांक म्हणजे काय, तो कसा वाचतात आणि कोण कशासाठी वाचतो, हे समजून घेतल्याखेरीज त्या संकटाविरुद्ध नेमके काही बोलता येणार नाही. म्हणून ह्या अग्रलेखात थोडे यंत्रशास्त्र आले आहे. वाचकांनी कंटाळू नये.

सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर एकाच वेळी शेकडो, कधी हजारो चिपा तयार होतात. दिसायला आणि कामाला त्या अगदी सारख्या. कारखान्यात तपासणी होताना पुष्कळ चिपांमधील काही सूक्ष्म फ्यूज विजेने जाळले जातात आणि काही तसेच ठेवले जातात. जळालेले आणि न जळालेले ह्यांच्या मांडणीतून एक आकडा तयार होतो. जळालेला फ्यूज पुन्हा जोडता येत नाही, म्हणून तो आकडा त्या चिपच्या अंतापर्यंत तिच्याबरोबर राहतो. काही कंपन्या फ्यूजाऐवजी कायमच्या स्मृतीत आकडा लिहितात. एस.टी. मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स ह्या युरोपीय कंपनीच्या एस.टी.एम. ३२ जातीच्या चिपांत असा ९६ बिटांचा क्रमांक असतो, आणि चिप कोणत्या खेपेतली, कोणत्या चकतीवरची आणि त्या चकतीवर उभ्या-आडव्या कोणत्या जागी होती, ह्याची नोंद त्यात असते. आपल्या देशात जन्मलेल्या कित्येक माणसांची जन्मनोंद इतकी चोख नाही! गिरणीकामगाराला जसा तिकीट नंबर असे तसा हा चिपचा नंबर. तिकीट नंबराने हजेरी लागे आणि दंडही त्याच नंबरावर पडे, हे जुन्या वाचकांस आठवत असेल.

हा क्रमांक वाचणे ही काही मोठी विद्या नव्हे. ब्रिटनमध्ये तयार झालेला आणि २०१२ पासून विक्रीस आलेला 'रास्पबेरी पाय' नावाचा तळहाताएवढा संगणक-बोर्ड आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या हाती सर्रास दिसतो. त्यावर लिनक्स ही खुली कार्यप्रणाली चालते. यंत्राविषयीची माहितीसुद्धा फाईलीच्या रूपाने वाचकापुढे ठेवायची, ही लिनक्सची जुनी रीत. 'प्रोक' नावाच्या दप्तरात 'सीपीयूइन्फो' नावाची एक फाईल असते. 'कॅट' ही साधी आज्ञा देऊन ती उघडली की तळाशी 'सीरियल' ह्या शब्दापुढे सोळा स्थानांचा क्रमांक दिसतो. त्यात शून्य ते नऊ हे अंक आणि इंग्रजीतील पहिली सहा अक्षरे येतात, कारण तो षोडशमान पद्धतीने लिहिलेला असतो. ह्या बोर्डाच्या सुरुवातीच्या नमुन्यांत जाळ्यावरचा पत्तासुद्धा ह्याच क्रमांकाच्या शेपटीवरून बनवला जाई. दुसऱ्या कंपन्यांच्या बोर्डांवर वाट वेगळी असते. कोठे तो 'डिव्हाइस ट्री' नावाच्या यादीत सापडतो, कोठे फ्यूजांची स्मृती थेट वाचावी लागते आणि त्यासाठी 'रूट' म्हणजे यंत्राच्या मुख्य वापरकर्त्याचा अधिकार लागतो. परंतु अशा खुल्या बोर्डावर तो अधिकार, ज्याने बोर्ड विकत घेतला त्याचाच असतो. एखाद्या शाळेला आपले चाळीस बोर्ड मोजून ठेवायचे असतील, कोणता कोणत्या खोलीत आहे हे लिहायचे असेल, तर शिक्षक हा क्रमांक वाचतो आणि वहीत उतरवतो. त्यासाठी त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. क्रमांकाच्या वापराचा हा सरळ, निर्मळ प्रकार होय. आमचा त्याला काहीच आक्षेप नाही.

मात्र येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण राज्यकर्ते आणि कंपन्या दोघेही तो विसरतात किंवा विसरल्याचे सोंग आणतात. क्रमांक हे नाव आहे, ती सही नव्हे. लिनक्सचा गाभा खुला असल्यामुळे जाणत्या माणसाला त्यात फेरफार करून बोर्डाला भलताच क्रमांक सांगायला लावता येतो. 'बीगलबोन' नावाच्या दुसऱ्या एका बोर्डात तर हा क्रमांक पुन्हा लिहिता येणाऱ्या स्मृतीत असतो. त्यामुळे कोणी केवळ क्रमांक सांगितला म्हणून तो तोच आहे असे मानणारी व्यवस्था पहिल्याच दिवशी फसेल. यंत्राने आपली ओळख सिद्ध करावी असे वाटत असेल तर त्याच्या पोटात एक गुप्त किल्ली असावी लागते. ती किल्ली बाहेर न काढता तिने सही करून द्यावी लागते. आधार प्राधिकरणाने बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांसाठी 'नोंदणीकृत उपकरणा'ची अट घातली ती ह्याच कारणाने. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र ओळख हवी आणि ठशाची माहिती यंत्रातच किल्लीने बांधून बाहेर पडावी, असा तो नियम आहे. नियम म्हणून तो योग्यच आहे. फक्त एवढेच नमूद करावेसे वाटते की, रेशन दुकानातील यंत्राची ओळख पटावी म्हणून जेवढी बुद्धी खर्च झाली, तेवढी विटा आणि सिमेंट उचलून बोटांच्या रेघा झिजलेल्या मजुराची ओळख पटावी म्हणून खर्च झालेली दिसत नाही.

आता कुलपाकडे वळू. रास्पबेरी पायच्या ज्या बोर्डाचे आम्ही वर कौतुक केले त्याचेच उदाहरण आधी घेतो, म्हणजे आम्ही मोठ्या कंपन्यांवर राग धरून बोलतो असे कोणी म्हणणार नाही. पहिल्या बोर्डाच्या चिपमध्ये एमपेग-२ जातीचे चलच्चित्र उलगडण्याची यंत्रणा तयार होती. परंतु ती बंद ठेवलेली होती. ऑगस्ट २०१२ मध्ये ती उघडण्याचा परवाना २ पौंड ४० पेन्स ह्या किमतीला विकण्यास सुरुवात झाली. ग्राहकाने आपल्या बोर्डाचा क्रमांक वाचून कळवायचा आणि त्याच क्रमांकासाठी तयार केलेली किल्ली विकत घ्यायची, अशी ती पद्धत होती. दुसऱ्याच्या बोर्डावर ती किल्ली चालत नसे. ह्यामागचे कारण लुच्चेपणाचे नव्हते. पेटंटचे शुल्क ज्यांना गरज नाही त्यांच्याकडून का वसूल करावे, हा विचार त्यात होता आणि तो समजण्यासारखा आहे. तरीसुद्धा जी वस्तू आपण पूर्ण पैसे देऊन घरी आणली, तिच्यातील एक भाग आपल्याच हातात असून आपला नाही, ही गोष्ट ह्या स्वस्त आणि सज्जन बोर्डानेही विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडली. चिपचा क्रमांक नसता तर हे शक्य झाले नसते.

ह्या क्रमांकाविरुद्ध एकदा मोठा गहजब झाला होता. १९९९ च्या आरंभी अमेरिकेच्या इंटेल कंपनीने पेंटियम-३ ह्या आपल्या नव्या प्रोसेसरमध्ये सॉफ्टवेअरला वाचता येईल असा क्रमांक घालण्याचे जाहीर केले. जाळ्यावर वावरणाऱ्या माणसाचा माग त्याच्या यंत्राच्या क्रमांकावरून काढता येईल, अशी रास्त भीती तेथील नागरिक स्वातंत्र्याच्या संघटनांनी व्यक्त केली आणि बहिष्काराची हाक दिली. कंपनीला माघार घ्यावी लागली. पुढच्या प्रोसेसरमधून तो क्रमांक काढून टाकण्यात आला. तेव्हा एका क्रमांकासाठी लोक उठले. आज आपल्या खिशातील एकाच फोनमध्ये पडद्याला, बॅटरीला, कॅमेऱ्याला निरनिराळे क्रमांक असतात आणि त्यांच्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. कारण हे क्रमांक माणसाचा माग काढीत बसत नाहीत. ते एकमेकांना ओळखतात, आणि अनोळखी दिसला की काम थांबवतात.

२०२१ मध्ये अ‍ॅपल कंपनीचा आयफोन १३ बाजारात आला तेव्हा असे आढळून आले की, पडदा फुटला म्हणून बाहेरच्या कारागिराने दुसरा पडदा बसवला की चेहरा ओळखून फोन उघडण्याची सोय बंद पडते. पडदा अस्सल असला, दुसऱ्या आयफोन १३ मधून काढलेला असला तरीही हेच होई. प्रत्येक पडद्यावर एक इवलीशी चिप होती आणि फोनला आपल्या पडद्याच्या चिपची ओळख होती. मग कारागिरांनी काय करावे? जुन्या पडद्यावरील ती चिप सूक्ष्मदर्शकाखाली उखडून नव्या पडद्यावर बसवायची! पूर्वी जे काम साध्या पेचकसाने होई, त्यासाठी आता सूक्ष्मदर्शक, गरम हवेचे यंत्र आणि सर्जनाचा हात लागू लागला. टीका झाल्यावर कंपनीने सॉफ्टवेअर बदलून ही अडचण दूर केली. २०२४ मध्ये नव्या काही फोनांसाठी जुने अस्सल भाग वापरण्याची सवलतही जाहीर केली. सवलतीबद्दल आभार मानण्यास हरकत नाही. परंतु कंपनीच्या मुख्यालयात बसलेला माणूस एका सॉफ्टवेअरने बर्डीतल्या कारागिराचा धंदा बंद करू शकतो आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरने चालू करू शकतो, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

कंपन्यांचा युक्तिवाद ऐकून घेतला पाहिजे. त्या म्हणतात, चोरीच्या फोनचे सुटे भाग विकले जातात, त्याला ह्यामुळे आळा बसतो. बनावट बॅटरी पेट घेते, ग्राहकाच्या जिवाला धोका होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चोरीला गेलेल्या फोनचा भाग ओळखता यावा हे आम्हांसही मान्य आहे. पण चोरी थांबवायची तर चोरीस गेलेल्या क्रमांकांची यादी पुरे. त्यासाठी न चोरलेल्या प्रत्येक भागाला कंपनीच्या संमतीची सक्ती कशाला? बॅटरी धोक्याची असेल तर पडद्यावर तसा इशारा द्यावा. बॅटरी अनोळखी आहे हे सांगणे वेगळे आणि अनोळखी म्हणून कॅमेरा किंवा चेहरा ओळखण्याची सोय बंद करणे वेगळे. पहिले ग्राहकाच्या हिताचे आहे. दुसऱ्याचा लाभ अधिकृत सेवाकेंद्राला होतो, जेथे पडदा बदलण्याचा खर्च ऐकून माणूस नवाच फोन घेऊन बाहेर पडतो.

क्रमांकाच्या न्याय्य उपयोगाचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. प्रत्येक मोबाईल फोनला १५ आकडी आय.एम.ई.आय. क्रमांक असतो. हरवलेला किंवा चोरीस गेलेला फोन कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावर चालू नये म्हणून केंद्र शासनाने जी मध्यवर्ती नोंदवही तयार केली, तिचा प्रारंभ सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात झाला. मे २०२३ पासून 'संचार साथी' ह्या नावाने ती सोय देशभर खुली झाली. ज्या मोलकरणीचा फोन बसमध्ये चोरला जातो तिच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने असा ओळख-क्रमांक बदलण्यास तीन वर्षांपर्यंतचा कारावास ठेवला, त्यालाही आमचा विरोध नाही. पण त्याच शासनाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी फोन बनवणाऱ्या कंपन्यांना असा आदेश दिला की, प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथीचे अ‍ॅप आधीपासून घालूनच तो विकावा. देशभर ओरड झाली आणि आठवड्याच्या आत, ३ डिसेंबरला, सक्ती मागे घ्यावी लागली. क्रमांक वाचण्याचा अधिकार नागरिकाने मागितला तर ती सोय, शासनाने न विचारता घेतला तर ती पाळत. हा फरक लोकांनी अचूक ओळखला.

फोनापुरतेच हे प्रकरण राहिलेले नाही. पोलंडमध्ये नेवाग कंपनीने बनवलेल्या काही रेल्वेगाड्या दुसऱ्या कारखान्यात देखभालीस नेल्यावर चालू होईनात. ज्या तरुण तंत्रज्ञांना कारण शोधण्यास बोलावले त्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये आपले निष्कर्ष जाहीर केले. गाडीच्या संगणकात स्पर्धक कारखान्यांच्या जागांचे अक्षांश-रेखांश भरलेले होते, आणि काही गाड्यांत विशिष्ट भागाचा क्रमांक बदललेला दिसला की गाडी बिघाड दाखवून अडून बसत असे, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीने हे आरोप फेटाळले आणि त्या तंत्रज्ञांवरच खटले भरले. न्यायालये काय ठरवायचे ते ठरवतील. आम्हांस प्रश्न पडतो तो घरचा. सीताबर्डीच्या इंटरचेंज स्थानकावरून ज्या नागपूर मेट्रोच्या दोन्ही मार्गिका जातात, तिचे डबे सी.आर.आर.सी. ह्या चिनी कंपनीने बनवलेले आहेत. त्या डब्यांत असे काही आहे असा संशय घेण्यास कोणताही आधार नाही आणि आम्ही तो घेतही नाही. परंतु लोकांच्या पैशाने आलेल्या डब्याचा एखादा भाग उद्या आपल्याच कामगारांनी बदलला तर तो डबा कोणाच्या संमतीशिवाय धावेल, हे करारात लिहिले आहे काय? जो प्रश्न पोलंडच्या रेल्वेला गाड्या बंद पडल्यावर सुचला, तो आपण गाड्या धावत असताना विचारावा, एवढेच. विजेच्या स्मार्ट मीटरबाबतही हाच प्रश्न आहे. त्या मीटरचा क्रमांक हा दूरवरून जोडणी तोडण्याचा पत्ताही असतो. सामान्य ग्राहकांच्या घरी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही, असे जून २०२४ मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्र्यांस जाहीर करावे लागले ते लोकांच्या विरोधामुळेच.

जगात ह्या कुलपाविरुद्ध कायदे होऊ लागले आहेत. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यात, क्रमांक जुळत नाही म्हणून भाग चालू न देण्याच्या प्रथेवरच बंदी घातली. अ‍ॅपलने त्या तरतुदीला विरोध केला होता, तरी ती संमत झाली आणि १ जानेवारी २०२५ नंतर बनलेल्या उपकरणांना लागू झाली. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिला दिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये एक संकेतस्थळ उघडण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये उपकरणांना दुरुस्ती-सुलभतेचे गुण कसे द्यावेत ह्यासाठी दुसरी समिती नेमली, तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. समित्या, संकेतस्थळ, अहवाल. बर्डीच्या कारागिराला न्यायालयात दाखवता येईल असा कायदा मात्र ह्या तीन वर्षांत झाला नाही. गुण मिळाल्याने कुलूप उघडत नाही. शंभरापैकी तीस गुण मिळवलेला फोनही दुकानात विकला जाणारच, आणि तो नापास झाला म्हणून त्याचा पडदा कोणाला बदलता येणार नाही.

आमची मागणी मोठी नाही. यंत्रातील प्रत्येक भागाचा क्रमांक मालकाला स्वतः वाचता आला पाहिजे, जसा तो लिनक्सच्या त्या लहानशा बोर्डावर एका आज्ञेसरशी वाचता येतो. तो क्रमांक आणखी कोण वाचतो आणि कोठे पाठवतो हे विक्रीच्या वेळी लिहून दिले पाहिजे. भाग जुळवण्याचे सॉफ्टवेअर अधिकृत सेवाकेंद्राला ज्या अटीवर मिळते त्याच अटीवर गल्लीतल्या कारागिराला मिळाले पाहिजे. आणि महापालिका, महामेट्रो, महावितरण ह्यांसारख्या संस्था लोकांच्या पैशाने जे यंत्र घेतील, त्याच्या किल्ल्या यंत्राबरोबरच ताब्यात मिळतील अशी अट निविदेत असली पाहिजे. ह्यांतील शेवटची गोष्ट दिल्लीच्या कायद्याची वाट न पाहता नागपुरातच होऊ शकते. नगरसेवकाने सभागृहात एक प्रश्न विचारला तरी निविदेचा मसुदा बाहेर येतो, आणि न आल्यास माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहेच.

शहर शाखेच्या कार्यकर्त्यांनी ह्या कामी प्रथम मोदी नंबरच्या गल्ल्यांत जावे. भाषण करू नये. प्रत्येक दुकानात एक वही ठेवावी आणि त्या कारागिराला विनंती करावी की, ज्या ज्या वेळी भाग चांगला असून केवळ ओळख पटली नाही म्हणून यंत्र चालले नाही, त्या त्या वेळी कंपनी, नमुना, भाग आणि ग्राहकाला शेवटी करावा लागलेला खर्च एवढ्या चार गोष्टी त्याने लिहून ठेवाव्यात. ग्राहकाचे नाव लिहू नये, त्याच्या फोनचा क्रमांकही नको. तीन महिन्यांच्या अशा वह्या गोळा करून त्यांची प्रत ग्राहक व्यवहार खात्याला, राज्यातील खासदारांना आणि आमच्या कार्यालयास पाठवावी.